माझ्यावर दावा करायला कोणी तयार नाही

पाडव्याला दोन दिवस होते. दुपारी आम्ही दोघं दारात चिंचा फोडत बसलो होतो. मी टरफल काढायचं आणि कमलने शिरा ओढून चिंचोके वेगळे करायचे, ही आमची लग्नापासूनची वाटणी. माझ्या हातून टरफलाचे तुकडे चिंचेत जातात म्हणून ती कुरकुरत होती आणि मी तिला सांगत होतो, की शांता वहिनींकडे परत एकदा जाऊन आलो आणि त्या परत एकदा नाही म्हणाल्या.

कमल म्हणाली, "तुम्ही समजावून सांगत नाही. तुम्ही नोटीस बजावल्यासारखं बोलता."

मी म्हटलं, जन्मभर नोटिसाच बजावल्या, दुसरं काय येणार. ती म्हणाली, आधी टरफलं बघा. एवढंच आमचं बोलणं झालं. संध्याकाळी तिला छातीत जड वाटायला लागलं. मिलिंदने, म्हणजे आमच्या मुलाने, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उजाडायच्या आत ती गेली. डॉक्टर काय म्हणाले ते मला विचारू नका. मला कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता.

या अंकाच्या संपादक बाईंनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले. माझं शिक्षण चौथी. त्यांना म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सुधारा, बाकीच्याला हात लावू नका. नोकरीतलंच लिहितोय, पण सध्या डोक्यात एकच प्रकरण आहे आणि ते माझ्याच घरचं आहे. माझ्या वकीलबाई म्हणतात हे छापायला देऊ नका. वकिलांना गप्प बसायचे पैसे मिळतात, मला मिळत नाहीत.

मी कोतवाल होतो. शहरातल्या माणसाला कोतवाल म्हटलं की पोलिसांचा मोठा साहेब वाटतो. तसं नाही. तलाठ्याच्या हाताखाली सगळ्यात खालचा जो माणूस असतो तो कोतवाल. नोटीस घरी नेऊन द्यायची, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, मोजणीवाले आले की त्यांची फीत धरायची, साहेब आले की चहा सांगायचा. पूर्वी दवंडीही द्यायचो. आमचं गाव सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे. आता ते पुण्यात गेलंय. म्हणजे गाव जागेवरच आहे, पुणं चालत आलं. तलाठी बदलत गेले, मी तिथंच राहिलो, म्हणून लोक साहेबाला सोडून मलाच विचारायचे.

काय विचारायचे त्याचा एक नमुना सांगतो. हिंजवडीत कामाला जाणारा एक तरुण होता. त्याने आमच्या शिवारात दोन गुंठे घेतले. रविवारी बायकोला घेऊन जागा दाखवायला आला आणि मला म्हणाला, "काका, रोड कुठाय?" त्याच्या मोबाइलवर नकाशा होता, नकाशात चांगला रुंद रस्ता होता. समोर गहू होता.

मी म्हटलं, "सुगी झाली की असतो."

"म्हणजे आत्ता नाही?"

"आत्ता गहू आहे."

त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतो. पण आमच्याकडे तसंच होतं. पीक निघालं की कोणाच्याही रानातून गाडी जायची, पेरणी झाली की वाट बंद, मग बांधाने चालत जायचं. कोणी कोणाला विचारत नव्हतं, कोणी अडवत नव्हतं. ही वाट कागदावर कुठंच नव्हती, आणि त्याचा रस्ता फक्त कागदावर होता. तो गहूवाल्याशी भांडला, गहूवाल्याने तारेचं कुंपण घातलं, आणि मग सुगीतली वाटही गेली. दोघांच्या नोटिसा मीच पोचवल्या. गहूवाला मला म्हणाला, "तात्या, आजवर वाट दिली ती चूक झाली व्हय?" मला उत्तर आलं नाही. तहसीलदारांनाही आलं नसतं, फक्त त्यांनी ते चार पानांत लिहिलं असतं.

जमिनीच्या कामात मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येत असेल तर याचाच. जुन्या रीतीत जे स्वच्छ असतं ते कागदावर घाण दिसतं. आणि कागदावर जे स्वच्छ दिसतं, त्याच्याखाली कोणीतरी चिरडलेलं असतं.

कमलला हे माझ्याआधी कळलं होतं. तिचं माहेर लोणीचं. तिच्या भावांनी तिला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं. बहिणीने बापाच्या जमिनीतला हक्क सोडायचा, भावाने साडी द्यायची, सगळीकडे हेच चालतं. ही गेली, रजिस्ट्रारच्या बाहेर बाकावर बसली, आणि भावांना म्हणाली, "मी सोडते म्हणजे माझं काहीतरी आहे. कुठंय ते आधी दाखवा." भाऊ म्हणाले, ताई, काहीतरीच काय, नंबर लागलाय. ही उठेना. शेवटी तिला रिक्षात घालून शेतावर नेलं. तिने तिच्या वाट्याला जेवढं आलं असतं तेवढ्याला पूर्ण फेरी मारली, बांधावरची थोडी करडईची भाजी खुडून घेतली, आणि परत येऊन सही केली. मला म्हणाली, आता मी दिलं. आधी ते घेत होते.

आता आमच्या शेताचं सांगतो. त्याला गावात हाडोळा म्हणतात. महारवतनाची जमीन. आमच्या लोकांनी गावाची कामं करायची, सरकारचा सारा पोचवायचा, सांगावे न्यायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि त्या बदल्यात हा तुकडा कसायचा. वाड्यांचे आणि वतनांचे कौतुक सांगणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांना हे वतन मात्र आठवत नाही. आमच्या आज्याचे चार मुलगे, त्यांची चार घरं. तुकडा एवढासा, चार ठिकाणी तोडला तर बैल वळायचा नाही. म्हणून त्यांनी सालं लावली. एक साल एका घराचं. ज्याचं साल, त्यानं शेत करायचं, धान्य त्याचं, आणि त्या वर्षी गावाची आणि सरकारची बोलणी खायची तीही त्यानंच. पाडव्याला साल फिरायचं.

छप्पन सालानंतर आम्ही बुद्ध झालो. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकी सोडली. साल मात्र सोडलं नाही, कारण त्यात देवाचं किंवा गावाचं काही नव्हतं, चार भावांचं होतं. गुढी आम्ही उभारत नाही, पण आमच्या शेताचं वर्ष आजही पाडव्यालाच बदलतं. सकाळी चारी घरं शेतात जमतात. ज्या घराचं साल संपलं त्या घरची बाई शेतातलं एक ढेकूळ उचलते आणि ज्या घराचं साल लागलं त्या घरच्या बाईच्या पदरात टाकते. पुरुष बाजूला उभे राहतात. ढेकूळ पदरात पडलं की झालं. स्टॅम्प नाही, साक्षीदार नाही, आणि आजवर एकदाही भांडण नाही.

मग सरकारने वतनं बंद केली आणि जमिनी ज्याच्या त्याला परत द्यायचं ठरवलं. त्यासाठी साहेब चावडीवर आले. नाव कोणाचं लावायचं म्हणून विचारलं. आता आमच्याकडे सरकारपुढं कोणी उभं राहायचं हे ठरलेलंच होतं. ज्याचं साल त्यानं. त्या वर्षी साल माझ्या वडलांचं होतं. बाकीच्या तीन भावांनी त्यांनाच पुढं ढकललं, की जा, बोलणी खाऊन ये. वडलांना वाटलं शिव्या बसतील. शिव्या बसल्या नाहीत, जमीन बसली. अख्खा हाडोळा त्यांच्या एकट्याच्या नावावर चढला. पुढच्या पाडव्याला चौघांनी नेहमीसारखं साल फिरवलं, ढेकूळ दिलं, आणि कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही की काही बदललंय. वडलांच्या मागं सात-बारावर माझं नाव आलं. आज कागदाने मी मालक आहे आणि बाकीची तीन घरं माझ्या शेतात आळीपाळीने घुसणारे परके आहेत.

मी जिवंत आहे तोवर याने काही बिघडत नाही. पण मी गेलो की मिलिंदचं आणि आमच्या मुलीचं नाव लागणार. हाडोळ्याच्या तिन्ही अंगांना आता इमारती झाल्यात. बिल्डरचा माणूस मिलिंदला चहाला नेतो. मिलिंद वाईट नाही. मला एवढंच म्हणाला, "बाबा, सात-बारा आपल्या नावावर आहे तर आपण काय पाप करतोय?" तो कागद वाचूनच बोलत होता, आणि कागद त्याच्याच बाजूचा होता. कमल त्याला म्हणाली, तू शांताकाकूच्या सालातली ज्वारी खाऊन वाढलास. तो म्हणाला, मी नाही कुठं म्हणतोय. तेव्हापासून कमलने माझ्यामागं लकडा लावला, की तुम्ही डोळे मिटायच्या आत तिघांची नावं चढवा. जन्मभर लोकांची नावं चढवलीत, आता घरची चढवा.

म्हणून मी ज्या कचेरीत चहा सांगायचो तिथं अर्ज घेऊन गेलो. क्लार्क नवीन मुलगी होती. म्हणाली, "आजोबा, लोक स्वतःचं नाव लावायला येतात."

मी म्हटलं, मला भावकीची लावायचीत. ती म्हणाली, ते वारस आहेत का? नाहीत, चुलत आहेत. मग विक्री करताय का? नाही. मग बक्षीसपत्र करा. बक्षीसपत्राला गेलो तर तिथले म्हणाले, ही नव्या शर्तीची जमीन आहे, सरकारला विचारल्याशिवाय कोणाला देता येत नाही, परवानगी आणा. परवानगीच्या साहेबांनी विचारलं, बक्षीस का देताय, कारण लिहा. मी म्हटलं, लिहा की जमीन पहिल्यापासून त्यांचीही आहे.

साहेब म्हणाले, "त्यांची आहे तर तुम्ही बक्षीस कशी देताय?"

मी म्हटलं, "हेच तर मी खाली सांगत होतो, त्यांनी वर पाठवलं."

"मग परत खाली जा."

साहेब चिडून बोलले नाहीत, खरोखर मदत म्हणून बोलले. म्हणून जास्त डोकं उठलं. कितीतरी लोकांना मी स्वतः असंच खाली-वर पाठवलेलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. चूक कोणाचीच नाही. त्या इमारतीत साल फिरतं हे लिहायला कुठं रकानाच नाही.

शेवटी येरवड्याच्या एका वकीलबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोपं आहे. तुमच्या भावकीने तुमच्यावर दावा करायचा, की जमीन सामाईक आहे आणि आमचा हिस्सा आहे. तुम्ही कोर्टात येऊन म्हणायचं, खरं आहे. हुकूमनामा होईल, नावं लागतील. यात बक्षीस नाही, विक्री नाही, जे आहे ते कबूल करणं आहे. मी खूश झालो. मग त्या म्हणाल्या, पण दाव्याला कारण लागतं. तुम्ही त्यांचा हक्क नाकारलात, अडवलंत, असं काहीतरी घडावं लागतं. भांडणच नसेल तर कोर्ट विचारेल, तुम्ही इथं आलात कशाला?

भांडण नाही म्हणून कोर्ट दारात घेत नाही. आता हसायचं का रडायचं.

तरी मी तिन्ही घरी गेलो आणि म्हटलं, माझ्यावर दावा करा. दोन घरांनी सांगितलं, शांता वहिनी म्हणतील तसं. शांता वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. भाऊ केव्हाच गेला. मार्केट यार्डात पालेभाजीच्या गाळ्यावर निवडटिपण करून तिने मुलाला, प्रशांतला, वाढवलं. चार घरांत तिचाच शब्द चालतो. आणि यंदा साल माझ्या घरून तिच्या घरी जायचं होतं.

तिने मला चहा दिला आणि म्हणाली, "भावजी, दावा वैऱ्यावर करत्यात. तुमी काय माझं वैरी हाय?"

मी म्हटलं, नाटक आहे, कागदापुरतं आहे. ती म्हणाली, कोर्टात नाटक करत न्हाईत. मी म्हटलं, मी मेल्यावर मिलिंद विकेल. ती म्हणाली, "पोरगं कमलचं हाय. न्हाई विकायचं." कमलवर तिचा एवढा भरवसा, की कायदा, बिल्डर, सगळं तिला कमलपेक्षा लहान वाटत होतं. कमलने स्वतः जाऊन सांगितलं तरी ती हललीच नाही. उलट कमललाच म्हणाली, तुझ्या नवऱ्याच्या नावाची नोटीस माझ्या अंगठ्यानं काढू? मला नरकात घालतीस काय गं?

आणि मग कमल गेली.

दुपारी गावच्या स्मशानात सगळं उरकलं. भंतेजींनी गाथा म्हटल्या. परत निघताना फाटकाजवळ बिल्डरचा माणूस पांढरे कपडे घालून उभा होता. माझा हात हातात घेतला, कमलवहिनींसारखी बाई होणे नाही म्हणाला. तो तिला एकदा भेटला होता आणि तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मग मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून थोडा बाजूला घेऊन गेला. मी बघितलं. मिलिंद मान खाली घालून ऐकत होता. आईला नुकतं जाळलेल्या पोराने काय ऐकलं असेल, त्याला दोष देत नाही. पण मला कळलं, की शांता वहिनींचा भरवसा ज्या माणसावर होता तो माणूस आता नाही, आणि माझ्याकडे फार वर्षं नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाडवा. घरात बायका बसलेल्या. शांता वहिनी पहाटेपासून येऊन सगळ्यांचा चहा बघत होती. प्रशांत मला म्हणाला, तात्या, यंदा सालाचं राहू द्या, दुखवटा आहे, नंतर बघू. मी म्हटलं, पाडवा नंतर येत नाही. वहिनींना म्हणावं, शेतात चला.

ती आली. बाकीच्या दोन घरचीही माणसं मागं मागं आली. आम्ही शेतात उभे राहिलो. कमलने द्यायचं असतं ते ढेकूळ आता कोण देणार हे कोणाला ठाऊक नव्हतं. शांता वहिनीने माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं म्हाताऱ्याने मला एवढ्यासाठीच बोलावलं, बायकोचं काम तो करणार. तिचे डोळे भरून आले. तिने पदर दोन्ही हातांनी पसरला.

मी म्हटलं, "वहिनी, शेत मिळणार नाही. सात-बारा माझ्या नावावर आहे. तुमचा इथं काही हक्क नाही."

तिला ऐकूच आलं नाही असं वाटलं. पदर तसाच. मी परत म्हटलं, जरा मोठ्याने, दवंडी द्यायचो तसं, म्हणजे बाकीच्यांनाही साक्षीला ऐकू जाईल. हिचाच नाही, कोणाचाच हक्क नाही. जमीन माझी.

प्रशांत पुढं आला. तिने त्याला हाताने थांबवलं. मला विचारलं, "हे कमलनं सांगून ठेवलं हुतं का तुमच्या मनचं?"

"माझ्या मनचं."

"तिला ठावं हाय?"

"तिला विचारलं नाही. आता कसं विचारू?"

तिने पदर खाली घेतला आणि खोचला. तिचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं आता कळेल तिला, की मी काय करतोय. कळलं का नाही मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मग आता करते दावा. तुमच्यासारख्यावर करायलाच पायजे. कुठं असतं कोर्ट?"

मी म्हटलं, "शिवाजीनगरला. आज सुट्टी आहे. उद्या रिक्षा सांगतो."

"तुमची रिक्षा नगं," ती म्हणाली आणि निघाली. बांधापर्यंत गेली, थांबली, मागं वळली. "काल दुपारपासनं काय खाल्लंय का?"

मी नाही म्हटलं.

"भाकरी पाठवते," ती म्हणाली. "आन दावा बी करते."

सगळे गेल्यावर मी एकटाच राहिलो. वकीलबाईंनी सांगितलं होतं, नुसतं तोंडाने नाही म्हणून भागत नाही, अडवणूक दिसली पाहिजे. ओढ्याकाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. त्या ओढत आणून मी शेतात शिरायच्या जागेवर आडव्या टाकल्या. हाताला काटे लागले. प्रशांत फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आला, तेव्हा त्याला मी काट्यांच्या पलीकडेच उभं केलं आणि भाकरी वरून हात लांब करून घेतली.